निकाल झाकून इतिहास वाचा: जुने निर्णय आपल्या आयुष्यात कसे उपयोगी आणायचे

सातवीच्या वर्गात पानिपत शिकवताना मी मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्याविषयी दरवर्षी एकच प्रश्न विचारायचो. भाऊसाहेबांचं चुकलं कुठं? हात भराभर वर जायचे. यात्रेकरूंना बरोबर न्यायला नको होतं. भरतपूरच्या सूरजमल जाटाला दुखवायला नको होतं. लढाईत फौजेनं धरलेला गोल फुटू द्यायला नको होता. बारा वर्षांच्या पोरांना सगळं कळत होतं, कारण 14 जानेवारी 1761 ला काय झालं ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. वीस वर्षं तो धडा शिकवलेला मी, 2012 साली शेजारच्या गावातलं पॉलीहाऊस बघून आलो, कर्ज काढलं आणि घरच्या दहा गुंठ्यांत जरबेरा लावला. तीन वर्षांत सांगाडा भंगारात गेला. कर्ज त्यानंतरही चार वर्षं फेडत होतो.

त्या काळात रात्री झोप लागत नसे, म्हणून पानिपत पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी एक वेगळं केलं. शेवट मनातून काढून टाकायचा आणि ऑगस्ट 1760 मध्ये उभं राहून पुढं बघायचं. भाऊंना त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच आपल्यालाही माहीत, असं धरायचं. तेव्हा पहिल्यांदा मला तो इतिहास उपयोगी पडला. निकालाच्या दिवसापासून मागं वाचलं की आपण फक्त न्यायाधीश होतो. निर्णयाच्या दिवशी उभं राहून वाचलं की विद्यार्थी होतो. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. तिला एक वही लागते, आणि महिनाभर रोज अर्धा तास.

पहिली पायरी: आधी आपला प्रश्न लिहा

इतिहासाचं पुस्तक उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपला आजचा प्रश्न लिहा. एकच, आणि तो निर्णयाचा हवा. "आयुष्यात यश कसं मिळवावं" हा प्रश्न नव्हे. "दुकानाची दुसरी शाखा या दिवाळीला काढू की वर्षभर थांबू", "भावाबरोबरची भागी मोडू की चालू ठेवू", "पुण्याची नोकरी सोडून गावी येऊ का" हे प्रश्न. तारीख, रक्कम आणि कोणाकोणावर परिणाम होईल त्यांची नावं त्यात असू द्या.

प्रश्न न लिहिता वाचायला बसलात तर इतिहास तुम्हाला अभिमान देईल, हळहळ देईल, डोळ्यांत पाणीही आणेल. ते सगळं मोलाचं आहे, पण त्यातून पुढच्या सोमवारी काय करायचं ते ठरत नाही.

दुसरी पायरी: प्रसंग निवडा, पण आकार जुळवून

तुमचा प्रश्न कर्जाचा आहे म्हणून इतिहासात कर्ज शोधू नका. प्रश्नाचा सांगाडा बघा. तो बहुतेक वेळा चार-पाच साच्यांतला असतो: पुढं जायचं की फिरायचं, काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, कोणावर विसंबायचं, दुसऱ्याचं यश आपल्याकडं उभं राहील का, पडल्यावर उठायचं कसं. पानिपत पहिल्या साच्याचा प्रसंग आहे. पुरंदरचा तह दुसऱ्या साच्याचा. आख्खी पेशवाई वाचायला घेऊ नका. एक माणूस, एक निर्णय, आगेमागे वर्ष-सहा महिने एवढाच तुकडा घ्या.

वाचताना मात्र दोन प्रकारची साधनं शेजारी ठेवा: त्या वेळी लिहिलेली पत्रं आणि नंतर लिहिलेली हकीकत. बखर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळं त्याच्या वाक्यावाक्यात तो शेवट आधीच डोकावतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचंही माहीत नसतं. वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये साधनांचा पहिला खंड छापला, तो 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचाच आहे. जुन्या सार्वजनिक वाचनालयांतून तो मिळतो. भाषा सुरुवातीला अडते, पाच-सहा पत्रांनंतर कान सरावतो. भाऊसाहेब उत्तरेतले पेशव्यांचे अधिकारी गोविंदपंत बुंदेले यांच्याकडं पैसा मागतात, यमुना उतरायला नावा जमवायला सांगतात, आणि तेवढ्यात पावसाळा येऊन नद्या भरतात. त्या पत्रांत पराभवाची चाहूल नाही. कामाची घाई आहे, पैशाची ओढाताण आहे. आपल्या घरात असते तशीच.

तिसरी पायरी: तारखा लिहा, निकाल झाका, पर्याय मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथं रेंगाळतो.

वहीचं पान आडवं धरा. डाव्या कडेला तारखा उतरवा. शेवटची तारीख लिहा आणि तिच्यावर कागदाचा कपटा चिकटवा. खरोखर चिकटवा. मग प्रत्येक तारखेपुढं दोनच गोष्टी लिहा: त्या दिवशी या माणसाला काय माहीत होतं, आणि त्याच्यापुढं किती वाटा मोकळ्या होत्या.

माझ्या वहीतलं पान असं झालं. फेब्रुवारी 1760: उदगीरला निजामावर मोठा विजय. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना हाताशी. त्याआधी महिनाभर, 10 जानेवारीला, दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर अफगाण बादशहा अब्दालीच्या फौजेशी लढताना पडलेले. म्हणजे उत्तरेत जाणं भागच होतं, आणि आत्मविश्वासही खोटा नव्हता. मार्चमध्ये परतूडहून कूच. बरोबर बायका-मुलं आणि तीर्थयात्रेला निघालेली माणसंही. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस आपल्या आईला घेऊन याच तळावर होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हातात आली. इथं मी वाटा मोजल्या. बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि कुटुंबं मागं सुरक्षित ठिकाणी ठेवता येत होती. सूरजमलला सांभाळून घेता येत होतं. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्यामार्फत अब्दालीशी बोलणी चालू होती, ती पुढं नेता येत होती. पावसाळा सरेपर्यंत दिल्लीतच पाय रोवता येत होते. उत्तरेला कुंजपुऱ्यावर जाता येत होतं. पाच वाटा.

17 ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. धान्य मिळालं, पैसा मिळाला, फौज आनंदात. पण 25-26 ऑक्टोबरला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. सूरजमल तोवर निघून गेलेला. आता वाटा दोन-तीन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर. डिसेंबरात भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंतही त्याच महिन्यात मारले गेले. तळावर अन्न संपत चाललं. आता वाटा दोन: अंगात बळ आहे तोवर लढणं, नाहीतर मदतीची वाट बघणं. जानेवारीच्या मध्यावर एकच उरली. उपाशी माणसांनी दिल्लीकडं वाट फोडायची.

पाच, तीन, दोन, एक. हे आकडे एका रांगेत दिसले तेव्हा मी बराच वेळ पानाकडं बघत बसलो. 14 जानेवारीला भाऊसाहेबांनी चुकीचा पर्याय निवडला नव्हता, कारण त्या दिवशी निवडायला काही उरलंच नव्हतं. चूक शोधायची तर जिथं पाचच्या तीन होतात तिथं शोधावी लागते. आणि तो काळ विजयाचा होता. दिल्ली आणि कुंजपुरा, दोन्ही जिंकण्याच्या दिवसांत वाटा बंद होत गेल्या.

आता याच पानाच्या मागच्या बाजूला आपल्या प्रश्नाचं असंच टिपण करा. मी जरबेऱ्याचं केलं. 2012 च्या जूनमध्ये माझ्यापुढं पाच वाटा होत्या. त्यांतली एक म्हणजे दहाऐवजी पाच गुंठ्यांवर करून बघणं. 2013 मध्ये दिवाळीला भाव चांगला लागला आणि त्या आनंदात मी ठिबकचं आणि फवारणीचं सामान नवीन घेतलं, तेही उधारीवर. कुंजपुरा माझा तोच. त्या दिवाळीनंतर वाटा दोन उरल्या. पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं पॉलीहाऊसचा प्लास्टिकचा कागद फाटला तेव्हा एक.

तुमचा निर्णय अजून व्हायचा असेल तर पुढच्या तारखांसाठी हेच करा. सहा महिन्यांनी किती वाटा राहतील? वर्षानं किती? ज्या पावलानं एकदम दोन वाटा बंद होतात ते पाऊल लाल शाईनं घेरा. त्या पावलाआधी घरातल्या सगळ्यांशी बोला, एक रात्र जाऊ द्या. बाकी छोट्या पावलांवर एवढा विचार लागत नाही.

चौथी पायरी: दैव, कारण आणि दोष वेगळे काढा

लढाईच्या ऐन भरात पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली. ते दैव. तळावरची माणसं उपाशी होती, हे कारण. दैवातून शिकण्यासारखं थोडं असतं, फक्त एवढंच की असं होऊ शकतं म्हणून काहीतरी गाठीला ठेवावं. कारणातून पुष्कळ शिकता येतं. वहीत दोन्हींना वेगळी खूण करा.

तिसरी गोष्ट म्हणजे दोष. मल्हारराव होळकर पानिपताच्या लढाईतून निघून गेले ते बरोबर की चूक, यावर आमच्याकडं पारावर आजही आवाज चढतात, आणि त्यात जात, घराणं, सगळं येतं. त्या वादात तासभर बसून उठलेला माणूस स्वतःच्या निर्णयासाठी काहीही घेऊन उठत नाही. "कोण दोषी" हा प्रश्न वहीत लिहायचाच नाही, असा मी नियम केला आहे. घरच्या प्रसंगांना तर तो दुपटीनं लागू. वडिलांनी 1985 ला जमीन विकली ती चूक होती का, यावर भाऊ भाऊ भांडतात. त्या साली घरात काय अडलं होतं, ते मात्र कोणी विचारत नाही.

पाचवी पायरी: मिळालेला धडा उलट प्रसंगावर घासून बघा

एका प्रसंगातून काढलेला धडा कच्चा असतो. तो म्हणीसारखा वाटतो, आणि म्हणी दोन्ही बाजूंच्या असतात. म्हणून प्रत्येक धड्याला त्याच आकाराचा, पण उलट शेवटाचा प्रसंग शोधायचा. मला स्वतःला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली जोडी सांगतो.

जून 1665. मोगल सरदार मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरला वेढा घालून बसलेले. वज्रगड पडलेला, मुरारबाजी देशपांडे पडलेले, मुलूख जाळला जातोय. शिवाजी महाराजांनी तह केला. 23 किल्ले आणि 4 लाख होनांचा मुलूख दिला. 12 किल्ले आणि 1 लाख होनांचा मुलूख ठेवला. यातून धडा काय? "वेळेवर माघार घ्यावी, थोडं सोडून मुख्य ते वाचवावं."

आता 31 डिसेंबर 1802. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांबरोबर तह करतो. त्यानंही काही दिलं आणि मुख्य ते, म्हणजे गादी, वाचवली. 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, कंपनीची 6,000 ची तैनाती फौज पत्करली. धडा तोच, पण शेवट बघा. महाराजांनी 1670 मध्ये किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारीत कोंढाणा, पाठोपाठ पुरंदर. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला. बाजीराव 1818 मध्ये शरण गेला आणि पेन्शन घेऊन बिठूरला राहिला.

म्हणजे "थोडं सोडावं" हा धडा अर्धाच होता. फरक किती सोडलं यात नाही. महाराजांनी तर निम्म्याहून जास्त सोडलं होतं! फरक काय सोडलं यात आहे. पुरंदरला किल्ले गेले, पण राजगड राहिला, आपली माणसं राहिली आणि उद्या काय करायचं ते ठरवण्याची ताकद राहिली. आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनी घाई केली नाही. दोन-तीन वर्षं शांततेत घडी बसवली आणि मग हात घातला. वसईला गादी राहिली, पण दुसऱ्या सत्तांशी बोलायचं तर कंपनीला विचारून, निजामाशी आणि गायकवाडांशी तंटा झाला तर निवाडा कंपनीचा. ठरवण्याचा अधिकारच लिहून दिला. किल्ले परत घेता येतात, पण ते परत घ्यायला ज्या हातांची गरज असते तेच बांधून दिले तर काय घेणार?

2015 मध्ये हे मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रकाने आखले. डावीकडं "सोडलं तरी परत मिळवता येईल". उजवीकडं "सोडलं तर परत मिळवण्याची ताकदच जाईल". सौ. शेजारी बसली होती. तिनं पेन घेतलं आणि डाव्या रकान्यात पहिलं नाव आपल्या पाटल्यांचं लिहिलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पाटल्या पुन्हा करता येतील. रान पुन्हा यायचं नाही." उजव्या रकान्यात तिनं रान लिहिलं, माझी नोकरी लिहिली, आणि आमचं रोजचं जेवण वेळेवर होणं लिहिलं. तेव्हा एक जण पैसे द्यायला तयार होता, पण तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत करून मागत होता. "नावापुरतं हो, पैसे फिटले की उलटं करून देतो." तो कागद म्हणजे वसईचा तह होता. आम्ही पाटल्या विकल्या, मोटारसायकल विकली, कागद केला नाही.

तुम्ही अडचणीत असाल तर आज रात्री हे दोन रकाने आखा. डावीकडं साधारणपणे दागिना, गाडी, रिकामा प्लॉट, लोकांतली प्रतिष्ठा असं येतं. प्रतिष्ठा डावीकडंच घाला, ती खरंच परत मिळते. उजवीकडं राहतं घर, पोटाचं साधन, तब्येत, गिऱ्हाईकांचा विश्वास, कुलमुखत्यारपत्र, सही केलेले कोरे चेक. डावीकडचं द्यायला हात आखडता घेऊ नका आणि उजवीकडच्या कशावरही घाईत सही करू नका. रकाने आखताना घरातलं दुसरं माणूस शेजारी हवंच. एकट्यानं आखले तर आपण प्रतिष्ठा हमखास उजवीकडं घालतो.

सहावी पायरी: यशाच्या खालची जमीन उकरा

चुकांपेक्षा यशातून शिकणं अवघड आहे, कारण यश बघताना आपण फक्त वर आलेलं बघतो.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं लोणी घ्या. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. 1950 च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. ते बघून महाराष्ट्रभर कारखाने निघाले. काही उत्तम चालले, बरेच आजारी पडले, काही विकले गेले. कारखान्याची यंत्रं तीच, कायदा तोच. मग?

खाली उकरलं की दिसतं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्येच पूर्ण झालेलं. प्रवरेच्या कालव्यांचं पाणी त्या रानांना पाव शतक आधीपासून मिळत होतं. त्या भागात खासगी साखर कारखाना आधीच चालू होता, म्हणजे उसाची शेती आणि कारखानदाराशी व्यवहार, दोन्हींची शेतकऱ्यांना सवय होती. विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते तेव्हा त्यांना ओळखत नाही असं गाव नव्हतं. आणि हिशेबाला गाडगिळांसारखा माणूस. 1950 ची गोष्ट 1926 च्याही आधी सुरू झाली होती.

मी शेजारच्या गावातलं पॉलीहाऊस बघितलं तेव्हा असंच वरचं बघितलं होतं: सांगाडा, कागद, रांगेत उभी रंगीत फुलं. खाली काय होतं ते नंतर कळलं. तो गडी पंधरा वर्षं निशिगंध आणि झेंडू पाठवत होता, दादरचे आणि हैदराबादचे आडते त्याला आवाजावरून ओळखायचे. घरात चार भाऊ आणि त्यांच्या बायका. फूल काढणं, प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी घालणं, दहा-दहाची गड्डी बांधणं, खोक्यात भरणं आणि रात्री ट्रॅव्हल्सच्या वेळेला हायवेवर उभं राहणं हे घरच्या हातांवर चालायचं. मी शाळेतून पाचला यायचो. माझं खोकं दोनदा गाडी सुटल्यावर पोचलं.

तेव्हा कोणाचंही यश उचलण्याआधी त्याला, किंवा त्याच्याविषयीच्या पुस्तकाला, हे विचारा. हे सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी तू काय करत होतास? तुझ्याकडं असं काय होतं जे तुला सांगावंसंही वाटत नाही, कारण ते कायमच होतं? तुझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी कोण थांबलं आणि का? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. थांबलेल्यांच्या घरी जाऊन चहा प्या. ते खरं सांगतात.

सातवी पायरी: हार झाल्यावर पुस्तक मिटू नका

आपण पानिपत 14 जानेवारीला मिटतो. "पानिपत होणं" हा शब्द भाषेत राहिला, पुढची दहा वर्षं राहिली नाहीत. 23 जून 1761 ला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवेपद मिळालं. तिजोरीत कर्ज, घरात चुलत्याशी बेबनाव, दारात निजाम. 1762 मध्ये आळेगावला माधवरावांनी चुलत्यापुढं नमतं घेतलं, आणि 10 ऑगस्ट 1763 ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला. 1771 मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, आणि त्यांत पानिपतावरून पायाला कायमची जखम घेऊन आलेले महादजी शिंदे होते. आई तिथं हरवलेले नाना फडणीस पुढं सगळा कारभार चालवत होते.

वहीत हारीनंतरच्या दहा वर्षांसाठी एक पान मोकळं ठेवा आणि हा क्रम लिहा. आधी घर सावरलं, मग जवळचा शत्रू, मग दूरची दिल्ली. मी कर्जाच्या वेळी हा क्रम जशाच्या तसा वापरला. आधी किराणा दुकानदाराची आणि नातेवाइकांची देणी, म्हणजे रोज तोंड दाखवावं लागतं ती. मग बँक. पुन्हा काही सुरू करायचा विचार त्यानंतर.

आठवी पायरी: वही कशी ठेवायची

रामचंद्रपंत अमात्यांनी शिवाजी महाराजांपासून पुढच्या कित्येक कारकिर्दी पाहिल्या, आणि उतारवयात ते शहाणपण आज्ञापत्रात उतरवलं. आरमारासाठी लाकूड लागतं. आंबा, फणस कामाचे आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नका, असं त्यात आहे. नुसता हुकूम देऊन ते थांबत नाहीत, कारणही सांगतात: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पार काय?

वहीत धडा लिहायचा तो असा, कारणासकट. "उधारीवर सामान घेऊ नये" एवढंच लिहिलंत तर पाच वर्षांनी ते तुम्हीच मोडाल, कारण तेव्हा का लिहिलं ते आठवणार नाही. "पहिला चांगला भाव लागल्यावर तीन महिने नवीन उधारी नाही, कारण एका हंगामाचा भाव ही बाजाराची खात्री नव्हे आणि 2013 ला याच चुकीनं माझ्या वाटा पाचाच्या दोन झाल्या" असं लिहा. कारण लिहिलेलं असलं की परिस्थिती खरोखर बदलली आहे का, तेही तपासता येतं.

प्रत्येक मोठ्या निर्णयाच्या दिवशी अर्धं पान: आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, काय होईल असं वाटतं, कोणत्या तारखेला पुन्हा बघायचं. घडी घालून टाचणी लावा. त्या तारखेला उघडा. निकाल कळल्यावर आपलं मन "मला तेव्हाच वाटलं होतं" असं बोलू लागतं. तेव्हा काय वाटलं होतं ते स्वतःच्या अक्षरात समोर असलं की त्याला गप्प बसावं लागतं.

नववी पायरी: घरचा आणि गावचा इतिहास, आणि त्याची मर्यादा

घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा. "तुमच्या वेळी कसं होतं" असं विचारू नका, गोड आठवणी येतील. नेमकं विचारा. 1972 च्या दुष्काळात पहिलं काय विकलं आणि शेवटपर्यंत काय विकलं नाही? कोणी उसनं दिलं, कोणी दार लावून घेतलं? विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटलं? जुनी जमाखर्चाची वही, गहाणखत, रेशनकार्ड निघालं तर त्याच्या तारखा लिहून घ्या. घर किंवा जागा घेणार असाल तर कागदपत्रांबरोबर त्या गल्लीतल्या जुन्या माणसालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं.

इथंच इतिहासाची मर्यादाही कळते, आणि ती आम्ही सांगलीकरांनी फार महागात शिकली. आमच्या मावशींच्या घराच्या दारावर 2005 च्या महापुराची खूण तेलरंगानं काढलेली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढू लागली तेव्हा त्यांनी अगदी शहाण्या माणसासारखं केलं. गव्हाची पोती, फ्रीज, कागदपत्रांची पेटी, सगळं त्या खुणेच्या वीतभर वर चढवलं आणि आमच्याकडं आल्या. पाणी त्या खुणेवर थांबलं नाही. परत गेलो तेव्हा पेटीतले कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती, आणि मावशी पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "मी खुणेच्या वर ठेवलं होतं रे."

त्यांनी इतिहासातून शिकलं होतं. फक्त आजवरचं सगळ्यात मोठं तेच उद्याचं सगळ्यात मोठं, असं धरलं होतं. 2005 च्या आधीही कोणत्या तरी जुन्या पुराची खूण कुठल्या तरी भिंतीवर असेलच, आणि 2005 नं ती ओलांडलीच होती. म्हणून वहीत जुना आकडा लिहिला की त्याच्या वर थोडी जागा मोकळी सोडायची. औषधपाण्यासाठी ठेवायचे पैसे, मंदीत दुकान किती महिने तग धरेल त्याचा हिशेब, मुलीच्या शिक्षणाचा अंदाज, सगळ्यांना हे लागू.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, 2019 एवढं नव्हतं. त्यानंतर मावशींनी रंगाचा डबा मागवला आणि स्टुलावर मला चढवलं. त्या दारावर आता चार रेघा आहेत. तिघींच्या शेजारी साल लिहिलं आहे. चौथी 2019 च्या हातभर वर आहे आणि तिच्या शेजारी काहीच लिहिलेलं नाही. कागदपत्रांची पेटी तिच्या वर, फळीवर असते.